काळ्या रानातली खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळी म्हैसूरला एक वेगळाच वास येतो. ओल्या रस्त्याचा, शेवंतीचा, रॉकेलनं पुसलेल्या लोखंडाचा आणि फुटलेल्या कोहळ्याचा. कोहळ्याला कसला आलाय वास, असं म्हणणाऱ्यानं त्या दिवशी आमच्या गल्लीत येऊन उभं राहावं. दर दारासमोर एकेक फुटलेला असतो, आत कुंकू कालवलेलं, पांढरा गर लालभडक झालेला. दुसऱ्या दिवशी त्यावरून स्कूटरवाले घसरतात, शिव्या घालतात, आणि पुढच्या वर्षी आपल्या दारात पुन्हा फोडतात. सगळं गाव हिला आयुधपूजा म्हणतं. आम्ही घरात खंडेनवमीच म्हणतो. आमचे कोण खापरपणजोबा फौजेबरोबर इकडं आले आणि इकडचेच झाले, त्यांची एक तलवार आमच्याकडं आहे. तिनं आता केळंसुद्धा कापलं जाणार नाही. तरी ती पाटावर पहिली. तिच्या शेजारी अप्पांचे पाने आणि पकडी, आईची शिवणाची कात्री, अलीकडं माझा लॅपटॉप. आणि पाटासमोर, स्टँडवर उभी केलेली, अप्पांची सायकल.

यंदा सायकल मी धुतली. अप्पांना आता वाकवत नाही, आणि धुता धुता ते मधेच विसरतात की पुढचं चाक झालं की मागचं. दांडीखाली एक कातडी पिशवी अडकवलेली असते, तिच्यात पंक्चरचं सामान. ती रिकामी करायला गेले तर तळाशी नकाशा. घड्यांवर कापडासारखा मऊ झालेला, हिरवाच हिरवा, त्यात तांबड्या रेघांनी दाखवलेल्या सायकलवाटा. आणि एका कोपऱ्यात कुंकवाचा अंगठा. अप्पांचा. अकरा वर्षं झाली, पण रंग तसाच. मी तो घाईघाईनं घडी करून परत आत कोंबला आणि इकडंतिकडं बघितलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अप्पा म्हणजे माझे वडील. कडकोळच्या एका कारखान्यात फिटर होते. रोज सायकलनं जायचे, सायकलनं यायचे. कारखान्याची बस होती, पण बसमध्ये बसलं की त्यांना म्हणे अंग आंबल्यासारखं होई. आमच्याकडं कार कधीच आली नाही आणि अप्पांना तिची कधी हौसही वाटली नाही. "चार चाकं कशाला गं? माणसाला पाय दोनच, अल्वा?" हे त्यांचं ठरलेलं. आमचं मराठी हे असं, मधेमधे कन्नड शिंपडलेलं.

रविवारी मात्र ती सायकल माझी असायची. पुढच्या दांडीवर अप्पांनी लाकडाची छोटी बैठक बसवली होती, तिला आईनं जुन्या लुगड्याची गादी शिवली होती. मागं कॅरिअरला केळीच्या पानात बांधलेलं चित्रान्न, लिंबू पिळलेला पिवळा भात. टी. नरसीपूरच्या वाटेला दोन्ही बाजूंना ऊस, गुऱ्हाळाचा गोड धूर, आणि अप्पांचा श्वास माझ्या केसांत. नद्यांच्या संगमावर पोचलो की ते आधी सायकलला पाणी दाखवायचे, मग स्वतःच्या तोंडावर मारायचे. हुणसूरकडं गेलो तर पावसाळा सरता सरता तंबाखू भाजायच्या कोठ्या पेटलेल्या असत. त्या वासानं डोकं जड व्हायचं, तरी मी नाक वर करून हुंगत राहायची. चढ आला की अप्पा उतरायचे नाहीत. पेडलवर उभे राहायचे आणि म्हणायचे, "म्हण गं, म्हण." मग मी पाढे म्हणायची. तेरा सत्ते एक्क्याण्णव म्हणेपर्यंत चढ संपलेला असायचा.

त्या दांडीवर बसून मी सगळ्या जगाच्या वर होते. मग कधीतरी, कॉलेजात गेल्यावर, मीच त्यांना म्हटलं की गेटपर्यंत येत जाऊ नका, कोपऱ्यावर सोडा. का, असं त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावर ब्रेक लागला. तेव्हा मला ते फार सोयीचं वाटलं होतं, हे आज लिहितानाही कान तापतात.

पुढं मी नोकरीसाठी जर्मनीला गेले. आई गेल्यावर वर्षभरानं अप्पांना तिकडं बोलावलं. महिनाभर ते माझ्या फ्लॅटच्या खिडकीत बसून सायकली मोजत. येणाऱ्या वेगळ्या, जाणाऱ्या वेगळ्या. माझ्या ऑफिसातली आन्या एकदा जेवायला आली, तिनं ते बघितलं आणि म्हणाली, यांना खिडकीत काय बसवलंस, आपण जंगलात जाऊ. काळं रान म्हणतात त्या भागाला. डोंगरच डोंगर, आणि त्यांच्यावर फरची झाडं इतकी दाट की दुपारी खाली दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. आन्याकडंही कार नव्हती. तिला ती घ्यायचीच नव्हती. आमच्यासारखी माणसं तिथंही असतात हे कळल्यावर अप्पांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

आणि काय सोय होती! आगगाडीला सायकलींचा वेगळा डबा. गाडी दरीच्या वरच्या टोकाला नेऊन सोडणार, तिथून नदीबरोबर उतरत यायचं. दर फाट्यावर हिरव्या अक्षरांची पाटी, सायकलचं चित्र, पुढच्या गावाचं अंतर. मोटारींचा रस्ता पलीकडच्या अंगाला कुठंतरी, त्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. भाड्याच्या सायकली होत्या. अप्पांनी त्यांची पहिल्याच दिवशी चेन, ब्रेक, आरे सगळं तपासलं आणि माझ्या सायकलचं सीट अर्धं बोट खाली घेतलं. तेवढ्यानं माझी गुडघेदुखी थांबली.

पहिले दोन दिवस अप्पा सगळ्यांच्या पुढं. सत्तरी ओलांडलेला माणूस, कानटोपी घातलेली, पायात म्हैसूरहून आणलेल्या चपला आणि मोजे. चढाला पेडलवर उभे. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला घंटी वाजवून "नमस्कार री!" आणि ते लोकही हात वर करायचे. कापलेल्या लाकडांच्या रासा, त्यांचा चिकाचा वास, गवतात पडून आंबलेली सफरचंदं, कुठंतरी धुक्यात गाईंच्या गळ्यातल्या घंटा. एका वळणावर थांबून अप्पा म्हणाले, "तुझ्या आईला आणायला हवं होतं गं. कॅरिअरवर बसली असती, गप्प बसली नसती." आम्ही दोघं हसलो आणि मग थोडा वेळ दोघांनीही नाकं पुसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका उतारावरच्या घरात उतरलो. मालकीणबाई साठीच्या, एकट्या, गालांवर तांबूस जाळी. त्यांच्या पायऱ्यांवर भोपळे मांडलेले, नारिंगी, रांगेनं, लहानापासून मोठ्यापर्यंत. अप्पांनी ते बघितले मात्र, त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांच्याकडं खिशातलं छोटं पंचांग होतं. "अगं, उद्या खंडेनवमी! आणि हिनं दारात भोपळे मांडलेत बघ. कोहळा नाही तर नाही, भोपळा चालतो." मी बूट काढत होते. "हो अप्पा" म्हटलं आणि आत गेले. त्यांनी मागं राहून मोठ्या भोपळ्यावर हात ठेवून बाईंना खुणेनं विचारलं, घेऊ का? बाई हसून म्हणाल्या, "या, या." तिकडं या म्हणजे हो. त्यांना वाटलं, म्हातारबाबांना हात लावून बघायचाय.

सकाळी मला फट्ट असा आवाज आला. खिडकीतून बघितलं. फाटकाबाहेर तिन्ही सायकली ओळीनं उभ्या. हँडलवर कुंकवाची बोटं, कुंड्यांतली लाल फुलं खुडून चाकांत खोवलेली, चहाला दिलेल्या लिंबाच्या फोडी चाकांखाली. आणि सायकलवाटेच्या मधोमध तो मोठा भोपळा फुटून चौफेर उडालेला. अप्पा अंघोळ करून, कानटोपी काढून, हात जोडून उभे.

मी धावत खाली गेले. तेवढ्यात वरून सात-आठ सायकलवाले आले, रंगीत कपड्यांतले, माझ्याच वयाचे. त्यांना ब्रेक लावून उतरावं लागलं. एक जण गरावर घसरला, पडला नाही, पण काहीतरी पुटपुटला. आन्या हातात कप घेऊन दारात उभी. मालकीणबाई बाहेर आल्या आणि दोन्ही हात गालांवर ठेवून तशाच राहिल्या. तो भोपळा त्यांनी स्वतः वाढवला होता. रविवारी सुगीची प्रार्थना, तेव्हा चर्चमध्ये देवापुढं ठेवायला. म्हणजे बघा, त्यांचाही देवालाच जायचा होता. चार वाक्यं बोलले असते तर सगळं सरळ झालं असतं. आज आमचा हत्यारांचा सण, माझे वडील फिटर आहेत, सायकल हे त्यांचं हत्यार, तुम्ही हो म्हणालात असं त्यांना वाटलं. यातला एकेक शब्द मला त्यांच्या भाषेत येत होता. व्याकरणासकट येत होता.

सगळे माझ्याकडं बघत होते. ते रंगीत कपडेवाले, आन्या, बाई. अप्पांच्या पायात मोजे आणि चपला, कपाळावर हे एवढं कुंकू. आणि मी काय केलं? बोट कपाळाच्या कडेला नेलं, जरासं फिरवलं, आणि हळूच म्हटलं, "माफ करा. वय झालंय त्यांचं. काय करतात ते त्यांना कळत नाही."

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. अप्पा तेव्हा वाकून भोपळ्याचे तुकडे गोळा करत होते, कुणी घसरू नये म्हणून. त्यांनी बघितलं नाही, असं मी धरून चालले.

मग सगळे किती चांगले वागले म्हणून सांगू! मला ते रागावले असते तर परवडलं असतं. रंगीत कपडेवाल्यांनी समजूतदार माना हलवल्या. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी अप्पांना हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, ब्रेडचे बोटाएवढे तुकडे करून पुढं ठेवले, सफरचंद सोलून दिलं. निघताना त्यांच्या जाकिटाची बटणं लावून दिली, अगदी गळ्यापर्यंत. त्यांच्या नवऱ्याचंही शेवटी असंच झालं होतं, असं त्यांनी मला कानात सांगितलं. मी मान डोलावली. काय करणार होते? एक खोटं बोलून बसलं की ते निभवावं लागतं.

त्या दिवसापासून आन्यानं अप्पांना मधे घेतलं. पुढं ती, मागं मी. उतार आला की ती हात वर करून थांबायला सांगायची, त्यांच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलायची. ज्या माणसानं मला दांडीवर बसवून सगळे चढ चढवले, त्याला आम्ही दोघी बायका सपाटीवर सांभाळून नेत होतो. अप्पा मधे राहिले. चढाला उभे राहिले नाहीत. समोरून माणसं आली तरी घंटी वाजवली नाही. मला वाटलं, दमले असतील.

आता पुढचं ऐका. घरी परतल्यावर अप्पांनी या प्रवासाची गोष्टच केली. दर खंडेनवमीला, पूजा झाली, चुरमुऱ्या-डाळ्यांची कडलेपुरी वाटून झाली, की जमलेल्यांना ती सांगायची. आगगाडीचा डबा, गाईंच्या घंटा, भोपळा. आणि मग ती बाई. "मी तिचा भोपळा फोडला, आणि तिनं काय केलं? ब्रेडचे तुकडे करून दिले! सफरचंद सोललं! स्वतःच्या बापासारखं केलं बघा माझं." सगळे म्हणायचे, काय माणुसकी असते एकेकाची! आणि सणाला म्हणून आलेली मी दर वर्षी त्या वेळेला पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात जायची. जर्मनीहून कायमची परत आले, त्यांच्याबरोबर राहायला लागले, तरी तेच. ओट्याला टेकून उभी राहायची, गोष्ट संपल्याचा आवाज आला की तांब्या घेऊन बाहेर यायची.

आई म्हणायची, घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो. घर परक्याचं असलं तरी म्हणतो का, हे तिला विचारायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी अप्पांनी एकदा मंडईतून येताना गल्ली चुकवली. मग सायकल कुठं लावली ते विसरले. मग माझं नाव दोनदा आईच्या नावानं घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून सुरू झालं? साधा प्रश्न. मी पर्सची चेन उघडझाप करत राहिले आणि अप्पाच माझ्या वतीनं म्हणाले, "स्वल्पच आहे हो डॉक्टर, तिला उगीच घोर लागलाय."

सांगायचं होतं. रोज सांगायचं होतं. त्यांना कळतंय तोवर, मी कोण हे त्यांना ठाऊक आहे तोवर. नंतर सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. पण सकाळी ते ताजे असले की वाटायचं, आज छान आहेत, कशाला त्रास द्या. आणि संध्याकाळी गोंधळलेले असले की वाटायचं, आता काय कळणार. झाकली मूठ तशीच ठेवायला निमित्तं कमी नसतात.

यंदाच्या पूजेला वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं आलं होतं. पुण्याकडचं, दोघंही कंपनीत. तिचं नाव मृण्मयी. आमच्या मराठीला ती कधी हसत नाही म्हणून अप्पांना ती आवडते. पूजा झाली. सायकलच्या चाकाखाली लिंबू चिरडलं, तिच्या नवऱ्यानं हौसेनं कोहळा फोडला, त्याच्या पँटवर कुंकू उडालं, आम्ही हसलो. मग सगळे पडवीत बसले आणि मृण्मयीनं विचारलं, "काका, तुम्ही खरंच जर्मनीत सायकलवर फिरलात?"

"हौद मत्ते! फिरलो तर!" अप्पा सरसावून बसले. "कार नाही, काही नाही. आगगाडीत सायकल घालायची, डोंगरावर जायचं, आणि सुमारे इथून नरसीपूर एवढं खाली यायचं. उतारच उतार."

मी उठले. सवयीनं. तांब्या हातात घेतला. आतून ऐकू येत होतं, गाईंच्या घंटा झाल्या, लाकडांच्या रासा झाल्या, पायऱ्यांवरचे भोपळे झाले. "आणि मी तो मोठा उचलला आणि फाटकासमोर फाड्कन फोडला! ती बाई आली बाहेर, असे गालावर हात..."

आणि आवाज थांबला.

मी ओट्यापाशी वाट बघितली. ब्रेडचे तुकडे येईनात. मृण्मयी हळूच म्हणाली, "मग काय झालं काका?"

"मग..." अप्पा म्हणाले. "मग ती... अय्यो, मग काय झालं बरं?" मग त्यांनी मला हाक मारली. माझ्या नावानं, चूक न होता. "अगं ए, इकडं ये. पुढं काय झालं गं?"

मी बाहेर गेले. ते माझ्याकडं बघत होते, लहान मूल परीक्षेत शेजारच्याकडं बघतं तसे. किती सोपं होतं! ब्रेडचे तुकडे म्हणायचं, सफरचंद म्हणायचं, माणुसकी म्हणायची. गोष्ट आता माझ्या ताब्यात होती. मी जी सांगेन ती खरी, कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच गोष्टीची मला लाज वाटली. तांब्या खाली ठेवला, अप्पांच्या समोर जमिनीवर बसले.

"मग मी खोटं बोलले," मी म्हटलं. "त्या बाईला, आन्याला, सगळ्यांना सांगितलं की माझ्या वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही. असं बोट फिरवून सांगितलं. मला तुमची लाज वाटली अप्पा. तुमच्या कुंकवाची, चपलांची. म्हणून त्या बाईनं ब्रेड कापून दिला. म्हणून तुम्हाला मधे ठेवलं. तुम्हाला काहीसुद्धा झालं नव्हतं. मीच..."

मृण्मयीचा नवरा मान खाली घालून पँटवरचं कुंकू चोळत होता. मृण्मयी डोळे मोठे करून माझ्याकडं बघत होती, आणि बघू दे, असं मला वाटलं.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वाकून माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"ते आहे गं माझ्या ध्यानात," ते म्हणाले. "तेवढं मी दर वर्षी गाळत होतो. त्याच्या पुढचं आठवत नाही बघ. ते सांग."